खाली मानूस हाय

हात पुढे कर. तळवा वर. आता अशी कल्पना कर, की त्यावर कुणीतरी पांढऱ्या चिनीमातीच्या तीन वस्तू ठेवल्या आहेत. गार, जड, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना तांब्याची पट्टी. मूठ मिटून बघ. मिटत नाही ना? छोट्या संस्कृतीचीही मिटत नव्हती. म्हणून तिने दोन्ही हातांची ओंजळ केली, ती फ्रॉकच्या पोटाशी दाबून धरली आणि विहिरीजवळच्या मोटरीच्या खोलीला पाठ लावून उभी राहिली.

“नीट धर,” तिचा बाप जालिंदर म्हणाला. “अन् हितून हलायचं न्हाई.”

“माहिताय, पप्पा.”

“काय माहिताय?”

“खाली मानूस हाय तवर ग्रिपा कुनाला द्यायच्या न्हाईत.”

विहिरीच्या कठड्यावर बसून पँट गुडघ्यापर्यंत दुमडणारा हर्षल हसला. कोपरगावच्या बाजूला उसाच्या वस्त्यांवर फिरून मोटरी दुरुस्त करणं हा त्याचा धंदा.

“भाची, वायरमनपेक्षा कडक हायस तू,” तो म्हणाला. “जपून हां. मामाचा जीव हाय तो. भूक लागली म्हनून खाऊ नको.”

संस्कृती हसली, पण ओंजळ सैल केली नाही.

तू विहिरीवरची मोटर कधी पाहिली नसशील, तर एवढंच ध्यानात ठेव. खोलीतल्या पेटीत या तीन ग्रिपा, म्हणजे फ्यूज, बसवल्या, की वीज तारांमधून खाली पाण्यातल्या मोटरीपर्यंत जाते. काढल्या, की जात नाही. म्हणून कुणी पाण्यात उतरणार असेल तर आधी ग्रिपा काढायच्या आणि भरवशाच्या माणसाच्या हातात द्यायच्या. खिडकीत, दगडावर ठेवायच्या नाहीत, खिळ्याला अडकवायच्या नाहीत. शेजारच्या वस्तीवरचे गहिनीनाथ आप्पा पाण्यात असताना त्यांच्या ग्रिपा खिडकीत होत्या. पाणी का थांबलं म्हणून सख्खा भाऊ आला आणि त्याने त्या बसवल्या. पुढचं सांगायला नको.

तेव्हापासून जालिंदर विहिरीत उतरताना ग्रिपा संस्कृतीकडे देई. मोठ्या माणसांना घाई असते, पोरांना नसते, असं तो म्हणे. पहिल्यांदा दिल्या तेव्हा तिने हजार प्रश्न विचारले होते.

“मम्मीनं मागितल्या तर?”

“न्हाई द्यायच्या.”

“सरांनी मागितल्या तर?”

“तुझ्या सरांनी काय करायच्यात त्या? न्हाई.”

“तुमी मागितल्या तर?”

“मी खाली असल्यावर वर कसा मागीन, येडे?” जालिंदर हसला होता. मग उकिडवा बसून, तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला होता, “जो खाली हाय, त्यानं वर येऊन हात पुढं करायचा. त्याचा हात वला असंल. वला हात बघायचा अन् मगच द्यायच्या. अन् कुनी खोलीकडं येताना दिसलं, की मोठ्यानं वरडायचं, खाली मानूस हाय!”

तिने ते पाठ केलं होतं, कवितेसारखं.

आज मात्र खाली उतरणारा जालिंदर नव्हता, हर्षल होता. आणि तो आपल्या धंद्याच्या सवयीने ग्रिपा स्वतःच्याच खिशात घालायचा. आल्याबरोबर त्याने पेटी उघडून पाहिली होती. जागा रिकाम्या होत्या.

“ग्रिपा कुठंयत, दाजी?” त्याने विचारलं होतं. आवाज साधा होता, पण मान चटकन वळली होती.

“पोरीकडं दिल्यात.”

हर्षलने संस्कृतीकडे पाहिलं, तिच्या ओंजळीकडे पाहिलं. मग त्याचे खांदे खाली आले. शर्ट काढून त्याने कठड्यावर टाकला. मनगटावर श्रावणातली राखी अजून होती. गोंडा झडून नुसता दोरा उरला होता. जालिंदर त्या दोऱ्याकडे बघत होता.

“चला, पाव्हनं,” तो म्हणाला. “उतरा.”

हर्षल दगडी पायऱ्यांनी खाली गेला.

संस्कृती त्याला मामा म्हणायची. तो दीपाचा, म्हणजे तिच्या आईचा, मानलेला भाऊ. तो मोटरीला मोबाईलचा स्टार्टर बसवायला पहिल्यांदा आला, जेवायला थांबला, आणि पुढच्या राखीला दीपाने त्याला पाटावर बसवून ओवाळलं. जालिंदरनेच त्या दिवशी त्याला टॉवेल-टोपी दिली. वस्तीवर परका माणूस येऊ लागला, की लोकांच्या माना वर होतात. भाऊ आला तर कुणी खुरप्यावरची नजरही काढत नाही.

तो स्टार्टर म्हणजे मोठी सोय होती. कुठूनही त्याच्या नंबरला फोन लावायचा आणि एक दाबलं की मोटर चालू, दोन दाबलं की बंद. कुणाच्या फोनला त्याने दाद द्यायची, ते बसवणारा ठरवतो. हर्षलने जालिंदरचा नंबर घातला, दीपाचा घातला, आणि काही अडचण आली तर असू द्यावा म्हणून स्वतःचाही घातला.

एकदा घरापुढच्या हौदाशी बसून त्याने संस्कृतीला जादू दाखवली होती. विहिरीचं पाणी पाइपातून हौदात धो धो पडत होतं. त्याने बोट रोखलं आणि म्हणाला, “थांब!” पाणी थोडं कुंथलं आणि थांबलं. संस्कृती आ वासून बघत राहिली. मग तिने मामाचा पाठीमागचा हात ओढून पुढे आणला, तर त्यात मोबाईल.

“सापडलो का मी?” हर्षल म्हणाला. “आता कुनाला सांगू नको. सांगितली की जादू जाती.”

तिने सांगितली नाही. त्यानंतर हौदातलं पाणी अनेकदा मधेच थांबलं. जालिंदर साखर कारखान्यात पाळीवर गेलेला असायचा. पाणी थांबलं, की दीपा पदराला हात पुसायची, आरशासमोर जाऊन केसांवरून हात फिरवायची. “मोटर बंद पडली वाटतं. बघून येते. तू अभ्यास कर,” म्हणत उसातल्या वाटेने निघून जायची. काही वेळाने पाणी पुन्हा पडू लागायचं. दीपा मात्र त्यानंतर बऱ्याच वेळाने यायची. अभ्यास झाला का, हे विचारायला ती कधी कधी विसरायची.

संस्कृतीच्या मनात यात काही वावगं नव्हतं. जादू होती, आणि ती तिला माहीत होती, एवढंच.

मग एक दिवस दीपा डेअरीवर दूध घालायला गेलेली असताना जालिंदर जेवत होता, आणि मोटरीवर वैतागला होता.

“मालक ड्युटीवर गेला की हिची सुट्टी,” तो म्हणाला. “समदी उनाड झाली. नवीच घ्यावी लागती आता.”

नवी मोटर आली तर तिला कबूल केलेली सायकल पुढच्या साली, हे संस्कृतीला न सांगता कळत होतं.

“मोटर चांगली हाय, पप्पा,” ती घाईने म्हणाली. “मामा बंद करतात तिला.”

“कोन मामा?”

“हर्षलमामा. फोनवरनं. जादू हाय ती. मम्मी बघाया गेली की परत चालू करतात.”

जालिंदरचा घास कालवणात बुडवलेला होता. तो तिथेच राहिला. भाकरीचा तुकडा भिजला, सुटला आणि वाटीत पडला. त्याने दुसरा मोडला, कोरडाच तोंडात घातला आणि खूप वेळ चावत राहिला.

“हुशार हाय माझी पोरगी,” शेवटी तो म्हणाला. “तू मला सांगितलं, हे मम्मीला सांगू नको. जादू जाती.”

त्याच आठवड्यात लाल सायकल आली.

सायकल आली तेव्हापासून घर बदललं. एरवी तोलून बोलणारा जालिंदर जेवताना विनोद करू लागला. हर्षलला त्याने दोनदा जेवायला बोलावलं, आग्रहाने वाढलं, “बहिनीच्या घरी लाजायचं न्हाई, पाव्हनं,” म्हणाला. दीपा सुरुवातीला खुश झाली. मग तिच्या हातून भांडी पडू लागली. एका दुपारी तिने संस्कृतीची वेणी घालता घालता विचारलं,

“पप्पांनी तुला काय विचारलं का गं? माझं? मामाचं?”

“न्हाई,” संस्कृती म्हणाली. ते खरंच होतं. पप्पांनी काहीच विचारलं नव्हतं.

आणि आज, रविवारी सकाळी, ती सायकल घेऊन बांधावर आली तर जालिंदर विहिरीतून वर येत होता. अंग ओलं, थंडीने दात वाजत होते. घरून निघताना त्याच्या खांद्यावर बारदान होतं, पोत्याचा मोठा तुकडा. येताना नव्हतं.

“माझ्याकडं ग्रिपा का न्हाई दिल्या?” ती रुसून म्हणाली होती.

“काम न्हवतं. पोहाया गेल्तो.”

पौषातली थंडी होती. तिने सायकलची घंटी वाजवली आणि तो विषय सोडून दिला. थोड्या वेळाने जालिंदरने हर्षलला फोन लावला. मोटर पाणी ओढत नाही, जरा येऊन जा, म्हणाला.

आता विहिरीतून हर्षलचा आवाज घुमून वर आला.

“दाजी! केबलचा जोड सोडला बरं का! तारा उघड्या हायत!”

“सोड, सोड,” जालिंदर म्हणाला. तो कठड्यापासून मागे सरला होता आणि पेटीच्या उघड्या दाराशी उभा होता.

पाण्याची खळबळ ऐकू आली. मग हर्षल हसल्यासारखा ओरडला, “च्यायला! मोटरीच्या जाळीत बारदान कोंबलंय की! म्हनून ओढत न्हवती. कुनी टाकलं वो हे?”

जालिंदरने खिशातून मोबाईल काढला. संस्कृतीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याला कळलं, की ती बघते आहे. तो तिच्यासमोर आला. एक हात पुढे केला. दुसऱ्या हातात मोबाईल होता आणि त्याच्या उजळलेल्या पडद्यावर नाव होतं, ‘मोटर’.

“दे.”

“मामा खाली हायत.”

“माहिताय मला. दे.”

“ते वर आले, की त्यांचा वला हात—”

“संस्कृती.” आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “बाप हाय मी तुझा.”

तिने ओंजळ आणखी आत ओढली. तांब्याची पट्टी पोटाला टोचली.

उसातल्या वाटेने दीपा आली. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात एकात एक घातलेले कप. “चहा आनलाय, गार व्हायच्या आत—” ती म्हणाली, आणि थांबली. तिने पेटीचं उघडं दार पाहिलं. कठड्यावरचा शर्ट पाहिला. मग नवऱ्याचा पुढे केलेला हात, आणि त्या हातापुढची लेकीची ओंजळ.

“काय चाललंय?”

“काय न्हाई. टेस्टिंग करतोय,” जालिंदर म्हणाला. “तुझा चेहरा का उतरला? भाऊच हाय ना खाली?”

दीपाचे ओठ हलले.

“हाय ना भाऊ? हो म्हन. न्हाई तर न्हाई म्हन. कायतरी एक म्हन, मी ऐकतो.”

किटलीच्या तोंडातून चहा सांडला, तिच्या पायावर पडला. तिने पाय हलवला नाही. मग ती लेकीजवळ आली आणि संस्कृतीला लहानपणी ताप आला की जसा मऊ आवाज काढायची तसा काढून म्हणाली,

“बाळा, हिकडं दे बरं त्या. माझ्याकडं. पप्पांकडं नको, माझ्याकडं दे.”

आता संस्कृतीपुढे दोन हात होते. एका हातावर कारखान्यातल्या कामाने पडलेले घट्टे होते, दुसऱ्यावर हिरव्या बांगड्या. दोन्ही तिच्या ओळखीचे होते. दोन्ही कोरडे होते.

“न्हाई,” ती म्हणाली.

“अगं, मी—”

“न्हाई.”

विहिरीतून हर्षल काहीतरी गुणगुणत होता. त्याला वरचं काही ऐकू येत नसावं. पाणी ढवळल्यासारखा आवाज येत होता. तो बारदान ओढून काढत होता.

जालिंदरने हात मागे घेतला.

“बरं,” तो म्हणाला. “राहू दे तुझ्याकडं.”

तो खोलीत गेला. खिळ्याला तांब्याच्या तारेचं वेटोळं अडकवलेलं होतं, ते त्याने काढलं. मागे एकदा एक ग्रिप फुटली होती, तेव्हा त्याने तिच्या जागी अशीच तार घातली होती आणि मोटर चालली होती. संस्कृती तेव्हा शेजारीच उभी होती. “बघ, बापाचं डोकं,” तो तेव्हा म्हणाला होता, आणि तिने टाळ्या वाजवल्या होत्या.

पक्कडीने तार तुटल्याचा आवाज झाला. टक्.

“अहो,” दीपा म्हणाली. तेवढंच.

“गहिनीनाथ आप्पाचं बी असंच झालं,” आतून जालिंदर म्हणाला. “लोकं म्हनली, चूक झाली. मानसाकडनं होती चूक.” टक्. “वरड की आता. हाक मार भावाला. पलीकडच्या फडात ऊसतोडीची टोळी हाय, समदी पळत येतील. इचारतील, काय झालं ताई? सांग त्यास्नी.”

दीपाने उसाकडे पाहिलं. कोयत्यांचा आवाज येत होता, कुणीतरी बैलावर ओरडत होतं. हाकेच्या अंतरावर माणसं होती. तिने तोंड उघडलं. मग पदराचा बोळा करून तोंडावर धरला आणि होती तिथेच मातीत बसली. कप गडगडत कठड्यापर्यंत गेले.

संस्कृतीने तिच्याकडे पाहिलं. मग खोलीच्या दारातून आत पाहिलं. बापाची पाठ दिसत होती, कोपर हलत होतं. तो पहिली तार वाकवून पेटीत बसवत होता; मोबाईल त्याने शर्टाच्या खिशात ठेवला होता, उजेड कापडातून दिसत होता. ग्रिपा तिच्याजवळ होत्या, तीनही होत्या. तिने एकही दिली नव्हती. सांगितलं होतं तसंच केलं होतं, आणि तरी ते पुरत नव्हतं.

टक्.

तिने ग्रिपा फ्रॉकच्या खिशात घातल्या. शाळेत वर्गाबाहेर काढते तशा चपला काढून कठड्याजवळ जोडीने ठेवल्या. मग भिंतीला एक हात लावून ती विहिरीच्या पायऱ्या उतरू लागली. पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. एकटीने उतरायचं नाही, हेही तिला सांगितलेलं होतं.

“कोन?” हर्षलने वर पाहिलं. तो कंबरभर पाण्यात उभा होता, एका हातात बारदान, दुसऱ्या हातात उघड्या तारांची टोकं. “भाची? तू कशाला आली? वर जा आधी! ग्रिपा कुनाकडं दिल्या?”

ती शेवटच्या पायरीवर बसली आणि दोन्ही पाय गुडघ्यांपर्यंत पाण्यात सोडले. पाणी इतकं गार होतं, की तिचा श्वास अडकला. तिने खिशातून ग्रिपा काढल्या, एक एक करून मांडीवर ठेवल्या. मग मान वर केली. वर आभाळाचा गोल तुकडा होता आणि त्याच्या कडेला कुणीच नव्हतं.

तिने छाती भरून घेतली आणि बापाने शिकवलं होतं तसं, जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडली,

“पप्पा! खाली मानूस हाय!”